धडा मोबाईलवर, सराव दुकानात

नंदुरबार, शहादा, नवापूर, तळोदा, अक्कलकुवा अशा जिल्ह्यातील कोणत्याही बाजारपेठेत जा. गॅरेजवाला असो, मिरचीचा व्यापारी असो, बेकरीवाला असो की वेल्डिंगचा कारागीर असो, प्रत्येकाची तक्रार एकच असते : ‘माणूस मिळत नाही.’ ही तक्रार आम्हांस अर्धीच खरी वाटते. माणूस मिळतो, शिकलेला माणूस मिळत नाही. आणि शिकलेला माणूस का मिळत नाही, ह्याचा विचार करू लागलो तर बोट दुसऱ्याकडे न वळता आपल्याच दुकानाकडे वळते. आपण माणसाला कामावर ठेवतो, पण शिकवत नाही. त्याने पाहून पाहून शिकावे, एवढीच आपली अपेक्षा असते.

आता मोबाईलमुळे एक नवा मार्ग खुला झाला आहे. मोठ्या कंपन्या आपल्या नोकरांना थोडे शिक्षण मोबाईलवर किंवा संगणकावर देतात आणि थोडे प्रत्यक्ष समोर बसवून देतात. ही पद्धत चार-पाच माणसे घेऊन धंदा करणाऱ्या आपल्या व्यापारी व कारागीर बांधवांना उपयोगी पडेल काय? आमच्या मते निश्चित पडेल. मात्र कोणती गोष्ट मोबाईलवर सांगायची आणि कोणती हाताला धरून शिकवायची, हा निवाडा आधी करायला हवा. तो चुकला तर पैसाही जातो आणि वेळही जातो.

उस्ताद आणि शागीर्द

आपल्या कारागीर वर्गाला शिक्षणाची रीत नवी नाही. उस्ताद-शागीर्द ही आपली जुनी शाळा. पोरगा उस्तादाकडे यायचा, आधी झाडलोट, मग पाने-पकड हातात देणे, मग नट कसणे, असे करीत चार-पाच वर्षांनी तो स्वतः मिस्त्री व्हायचा. ह्या पद्धतीत मोठा गुण होता. हाताला काम लागत होते, नजर तयार होत होती, आणि गिऱ्हाईकाशी कसे बोलावे हेही सोबतच शिकून होत होते.

पण आज ह्या पद्धतीला दोन बाजूंनी धक्का बसला आहे. पहिला धक्का काळाचा. १ एप्रिल २०२० पासून देशात बीएस-६ मानकांची वाहने आली. मोटारसायकलींत कार्बोरेटरची जागा बहुतांशी इंधन इंजेक्शनने घेतली. सेन्सर आले, तपासणीसाठी स्कॅनर आला. आता बॅटरीवर चालणाऱ्या गाड्याही रस्त्यावर आहेत. वीस वर्षे कार्बोरेटर साफ करण्यात ज्याची हयात गेली, तो उस्ताद ह्या नव्या गाडीपुढे स्वतःच शागीर्द आहे. जे उस्तादालाच ठाऊक नाही, ते शागीर्द त्याच्याकडे पाहून शिकणार कसा?

दुसरा धक्का कायद्याचा, आणि तो योग्यच आहे. २०१६ साली झालेल्या दुरुस्तीनंतर १४ वर्षांखालील मुलाला कामावर ठेवणे हा गुन्हा आहे. १४ ते १८ वयाच्या मुलांना धोक्याच्या कामांवर ठेवता येत नाही. म्हणजे दहा-अकरा वर्षांचा पोरगा आणून त्याला हळूहळू तयार करण्याचे दिवस संपले. आता माणूस अठरा-वीस वर्षांचा होऊन येतो. त्याच्यावर घराची जबाबदारी असते, चार-पाच वर्षे नुसते पाहत बसायला त्याला सवड नसते. त्याला काही महिन्यांत कामाचा माणूस करावे लागते. जुन्या रीतीत एवढी घाई बसत नाही.

नुसता मोबाईलही पुरत नाही

मग पुष्कळ मालक म्हणतात, ‘आजकाल मोबाईलवर सारे मिळते, पोरे बघून शिकतात.’ ह्यात अर्धे सत्य आहे आणि अर्ध्या सत्याचा धोका मोठा असतो.

मोबाईलवर एखादे इंजिन खोलण्याची फिल्म दहादा पाहता येते. परंतु नट किती जोराने आवळला म्हणजे पुरे आणि किती आवळला म्हणजे आटे जातील, हे मनगटाला कळावे लागते. मिरची वाळली की नाही हे मुठीत धरून, कानाजवळ हलवून पाहावे लागते. बेकरीत मैदा मळून कसा झाला पाहिजे, हे बोटांनाच समजते. पाहणे वेगळे आणि करणे वेगळे. पाहणाऱ्याला वाटते, मला आले. हात लावल्यावर समजते की आले नव्हते.

दुसरे असे की मोबाईलवर जे दिसते ते कोणी तपासलेले असतेच असे नाही. दुसऱ्या मॉडेलची गाडी, दुसऱ्या हवेतले पीक, दुसऱ्या देशाची यंत्रे. माणूस तेच इथे करू जातो आणि नुकसान होते. धडा कोणता पाहायचा हे मालकाने किंवा उस्तादाने निवडून दिले पाहिजे. मोबाईल हातात देऊन ‘शीक’ म्हणणे हे शिकवणे नव्हे.

महाराष्ट्राचा अनुभव

दुरून शिकणे आणि जवळून शिकणे ह्यांची सांगड घालण्याचा प्रयोग महाराष्ट्राला नवा नाही. १९८९ साली नाशिक येथे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झाले. डॉ. राम ताकवले हे त्याचे पहिले कुलगुरू. नोकरी-धंदा करणाऱ्या, शाळा सुटलेल्या माणसाला घरबसल्या पुस्तकातून शिकता यावे आणि अभ्यासकेंद्रावर संपर्कसत्राला जाऊन शंका विचारता याव्यात, अशी ही रचना होती. त्या वेळी मोबाईल नव्हता. परंतु तत्त्व हेच होते : जे वाचून-पाहून समजते ते घरी, आणि जे विचारून-करून समजते ते केंद्रावर.

पुढे २००१ साली एमकेसीएल ही संस्था निघाली आणि एमएस-सीआयटी हा संगणकाचा अभ्यासक्रम गावोगावी पोचला. आपल्यापैकी कित्येकांच्या मुला-मुलींनी तो केला असेल. त्यात धडा संगणकाच्या पडद्यावर असतो, पण विद्यार्थ्याला केंद्रावर जावे लागते, तिथे यंत्रावर हात चालवावा लागतो आणि अडले तर सांगायला माणूस असतो. हा अभ्यासक्रम तालुक्याच्या गावापर्यंत टिकला, ह्याचे एक कारण हा माणूस आहे. नुसता संगणक घरी पाठवला असता तर किती जणांनी धडे पुरे केले असते, ह्याची आम्हांस शंका आहे.

परदेशाकडे पाहिले तर जर्मनीत कारागिरीचे शिक्षण दोन ठिकाणी चालते. शिकाऊ मुलगा आठवड्यातले एक-दोन दिवस व्यवसाय शाळेत जातो आणि उरलेले दिवस कारखान्यात किंवा दुकानात काम करतो. १९६९ पासून ह्या पद्धतीला तिथे देशव्यापी कायद्याचा आधार आहे. म्हणजे आपली उस्ताद-शागीर्दाची रीत त्यांनी मोडली नाही, तिला शाळेची जोड दिली.

अमेरिकेच्या शिक्षण खात्याने २०१० साली अनेक अभ्यास एकत्र करून एक अहवाल प्रसिद्ध केला. नुसत्या वर्गातल्या शिक्षणापेक्षा वर्ग आणि संगणक ह्यांची जोड दिलेले शिक्षण काहीसे सरस ठरते, असे त्यात आढळले. पण त्याच अहवालात एक इशाराही होता. जोड-शिक्षणात विद्यार्थ्यांना बहुधा वेळ जास्त मिळाला होता आणि साहित्यही जास्त होते, म्हणून सारे श्रेय संगणकाला देता येणार नाही. आपण ह्यातून एवढाच बोध घ्यावा की यंत्र जादू करीत नाही, शिकवण्यासाठी वेळ काढला म्हणजे फळ मिळते.

निवाडा कसा करावा

ह्याचा एक सोपा नियम सांगता येतो. जे सर्वांना सारखेच सांगायचे आहे, वारंवार सांगावे लागते आणि जे ऐकून-पाहून कळते, ते मोबाईलवर द्यावे. ज्यात हात, नजर, नाक, कान लागतात आणि ज्यात चूक झाली तर इजा किंवा मोठे नुकसान होते, ते समोर उभे राहून शिकवावे. आपल्या जिल्ह्यातील तीन धंद्यांवरून हे स्पष्ट होईल.

पहिला धंदा गॅरेजचा. बीएस-६ गाडीत कोणता सेन्सर कुठे बसतो, मीटरवरचा पिवळा दिवा लागला म्हणजे काय समजावे, स्कॅनरवर आलेला क्रमांक कसा वाचावा, हे सारे मोबाईलवर उत्तम शिकता येते. चित्र थांबवता येते, मागे नेता येते. परंतु स्कॅनर लावून दोष शोधणे, वायर न तोडता जोड सोडवणे, नट मापात आवळणे, हे गाडीपुढेच झाले पाहिजे. बॅटरीच्या गाडीबाबत तर आम्ही आग्रहाने सांगू की बॅटरी उघडण्याचे काम फिल्म पाहून कोणी करू नये. ज्याने प्रत्यक्ष प्रशिक्षण घेतले आहे त्यानेच तिथे हात घालावा. चुकीच्या हाताने आग लागू शकते, आणि मोठ्या गाडीत जीवही जाऊ शकतो.

दुसरा धंदा मिरचीचा. नंदुरबारची मिरची बाजारपेठ देशात नावाजलेली आहे. हंगामात ओली लाल मिरची बाजार समितीत येते, व्यापारी ती घेऊन पथारीवर वाळवतात, मग देठ खुडून, निवड करून माल पुढे जातो. ह्या पथारींवर शेकडो हात राबतात, त्यांत बाया अधिक, त्यांतही आदिवासी बाया अधिक. ह्या हातांना आपण काय शिकवतो? बहुतेक ठिकाणी काहीच नाही.

ह्यात पणाला काय लागले आहे, हे पाहावे. सुक्या मिरचीत ओलावा ११ टक्क्यांहून अधिक नसावा, असा अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा दंडक आहे. ओलावा राहिला तर बुरशी धरते आणि काही बुरशी अफ्लाटॉक्सिन नावाचे विष तयार करते. ते डोळ्यांना दिसत नाही, पण प्रयोगशाळेत सापडते, आणि सापडले की माल परत येतो. रंगाचेही तसेच. २००३ साली भारतातून युरोपात गेलेल्या मिरची पदार्थांत सुदान नावाचा बंदी असलेला रंग सापडला. २००५ साली त्याच रंगापायी ब्रिटनमध्ये शेकडो खाद्यपदार्थ दुकानांतून परत घ्यावे लागले. भेसळ केली एखाद्याने, पण तपासणीचा जाच साऱ्या मिरची व्यापाराला सोसावा लागला. म्हणून पथारीवरच्या शेवटच्या बाईलाही हे माहीत असावे की काळी पडलेली, बुरशीची मिरची वेगळी टाकायची आणि ‘चालून जाईल’ म्हणून ढिगात मिसळायची नाही.

ह्यातले मोबाईलवर काय द्यावे? चांगली मिरची आणि डागी मिरची ह्यांची चित्रे. ढग भरून आले तर ताडपत्री कोणत्या बाजूने ओढायची. हाताची आग झाली तर काय करायचे, तोंडाला फडके का बांधायचे. आणि समोर काय शिकवावे? निवड. सकाळी काम सुरू होण्याआधी मुकादमाने एक पाटीभर मिरची पुढे ओतावी आणि म्हणावे, ‘बायांनो, ह्यातली डागी काढून दाखवा.’ जिला जमले नाही तिच्याशेजारी जमणारी बाई दोन दिवस बसवावी. ह्याला शाळा लागत नाही, फळा लागत नाही.

तिसरा धंदा नवापूरच्या कोंबडीपालनाचा. फेब्रुवारी २००६ मध्ये देशात पहिल्यांदा बर्ड फ्लू आढळला तो ह्याच नवापूरला. लाखो कोंबड्या माराव्या लागल्या, अंडी पुरावी लागली, धंदा बसला. पुन्हा फेब्रुवारी २०२१ मध्ये तीच पाळी आली. ह्या धंद्यात आपल्या समाजातील कित्येक कुटुंबांची पुंजी गुंतलेली आहे, हे वाचकांना सांगावयास नको.

रोग कसा शिरला हा पशुवैद्यांचा विषय. परंतु रोगाला दार उघडे राहते ते बहुधा माणसाच्या पायाने, हे सर्वमान्य आहे. एका शेडमधली चप्पल दुसऱ्या शेडमध्ये जाते, अंड्यांचे ट्रे न धुता फिरतात, गाडीची चाके फवारली जात नाहीत, मरतुक वाढली तरी दोन दिवस कोणी सांगत नाही. हे सारे रोजच्या शिस्तीचे विषय आहेत. ‘का’ हे मोबाईलवर सांगता येते : रोगाचे जंतू विष्ठेतून कसे पसरतात, बूट का बदलायचे, रानपाखरे शेडमध्ये का येऊ द्यायची नाहीत. ‘कसे’ हे मात्र शेडच्या दारातच शिकवावे : पाय बुडवायच्या हौद्यात औषध किती, पाणी किती, ते कधी बदलायचे, मेलेले पाखरू हाताळताना हातमोजे कसे घालायचे आणि कसे काढायचे. मरतुकीची नोंद रोज वहीत झाली पाहिजे आणि आकडा अचानक चढला तर त्याच दिवशी पशुसंवर्धन खात्याला कळवले पाहिजे. ही गोष्ट मालकाने स्वतः सांगावी, म्हणजे नोकर भीतीपायी मरतुक लपवणार नाही. लपवलेल्या एका दिवसाची किंमत पुढे साऱ्या तालुक्याला मोजावी लागते.

आपल्या जिल्ह्याच्या अडचणी

शहरातल्या कंपनीची रीत जशीच्या तशी इथे चालणार नाही, हे आम्ही जाणतो. १९९८ साली धुळ्यातून वेगळा झालेला हा जिल्हा. २०११ च्या जनगणनेत राज्यात साक्षरता ८२ टक्क्यांवर होती, तर इथे सुमारे ६४ टक्के. देशातील पहिले आधार कार्ड २९ सप्टेंबर २०१० रोजी ह्याच जिल्ह्यातील टेंभली गावी दिले गेले, हे खरे. पण धडगाव-अक्कलकुव्याच्या डोंगरात आजही मोबाईलला रेंज मिळवण्यासाठी टेकडी चढावी लागते.

म्हणून पहिली सूचना ही की धडा लेखी नसावा, बोलका असावा. मोठी फिल्म नको, तीन मिनिटांची पुरे. एका धड्यात एकच गोष्ट. दुकानात रेंज असताना तो मोबाईलमध्ये उतरवून द्यावा, म्हणजे घरी रेंज नसली तरी पाहता येतो. ज्याच्याजवळ साधा फोन आहे त्याच्यासाठी दुकानातल्या एका मोबाईलवर सकाळी सर्वांनी मिळून पाहावा. हे तर अधिक चांगले, कारण पाहिल्यावर लगेच बोलता येते.

दुसरी सूचना भाषेची. नवापूर रेल्वे स्थानकाचा अर्धा भाग महाराष्ट्रात आणि अर्धा गुजरातेत आहे. आपल्या बाजारपेठांचीही तीच तऱ्हा. मालक घरी उर्दू बोलतो, गिऱ्हाईकाशी मराठी आणि अहिराणी, सुरतेच्या व्यापाऱ्याशी गुजराती. कामगार मात्र भिली, पावरा, मावची बोलणारा असतो. त्याला शुद्ध मराठीतला किंवा हिंदीतला धडा कितपत पोचणार? तो मान डोलावतो आणि आपण समजतो की त्याला समजले. ह्यावर उपाय सोपा आहे. आपल्याच कामगारांपैकी जो जाणता असेल, त्याला त्याच्या बोलीत धडा सांगायला लावावा आणि आपल्या मोबाईलवर तो भरून घ्यावा. ह्याला खर्च नाही, आणि ज्याचा आवाज भरला त्याचाही मान वाढतो.

तिसरी सूचना आपल्या वयोवृद्ध उस्तादांविषयी. कित्येक हुन्नर असे आहेत की ते एकेका माणसाच्या हातात शिल्लक आहेत. तो माणूस गेला की हुन्नर गेला. उस्ताद काम करीत असताना त्याच्या हातांचे चित्रण करून ठेवावे आणि त्याला बोलते करावे. ‘बेटा, इथे घाई करायची नाही, आधी आवाज ऐक,’ असे तो सहज बोलून जातो, आणि तेच वाक्य लाखमोलाचे असते. मात्र हे चित्रण त्याच्या मर्जीने व्हावे, आणि त्याच्या कसबाचा मोबदला त्याला मिळावा.

खर्चाचा हिशेब

‘हे सारे ठीक, पण कामाच्या वेळात शिकवत बसलो तर धंदा कोण करील?’ हा प्रश्न योग्य आहे. हिशेब मांडून पाहू. समजा, चार कामगार आहेत आणि प्रत्येकाची आठ तासांची मजुरी ५०० रुपये आहे. आठवड्यातून एक तास शिकवण्यात घालवला तर चौघांचे मिळून २५० रुपये झाले. महिन्याला हजार रुपये. आता दुसरी बाजू. समजा, १० क्विंटल मिरची ओलाव्यामुळे क्विंटलमागे हजार रुपये कमी भावाने गेली. एका झटक्यात १० हजार गेले, म्हणजे दहा महिन्यांच्या शिकवणीचा खर्च. गॅरेजमध्ये एका चुकीच्या जोडणीने एखादा महाग भाग जळला तर काय होते, हे गॅरेजवाल्यांना ठाऊक आहे.

इथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. शिकण्याचा तास हा कामाचा तास आहे. ‘घरी जाऊन मोबाईलवर पाहून ये’ असे सांगून कामगाराच्या विश्रांतीचा वेळ आणि त्याचा इंटरनेटचा पैसा आपण फुकट वापरू नये. घामाची मजुरी द्यायची आणि शिकण्याची चुकवायची, हा सचोटीचा व्यवहार नव्हे. शिवाय फुकट लादलेला धडा कोणी मनापासून पाहत नाही. वेळ निवडताना ज्याच्या-त्याच्या धंद्याची गत पाहावी. कुणाला सकाळी दुकान उघडताना सवड असते, कुणाला शुक्रवारी दुपारी, कुणाला आठवडी बाजाराच्या दुसऱ्या दिवशी. एकदा वार ठरला की तो मोडू नये.

शिकला की सोडून जातो

आता खरा प्रश्न. मालकाच्या मनात जो असतो पण तो उघड बोलत नाही : शिकवले की माणूस सुरतेला जातो, किंवा समोरच दुकान टाकतो. मग शिकवायचे कशाला?

हे घडते, नाही असे नाही. सुरत रेल्वेने जोडलेली आहे आणि तिथे मजुरी अधिक आहे. पण दुसरी बाजूही पाहावी. न शिकवलेला माणूसही सोडून जातोच. आणि जो जात नाही, तो न शिकता आपल्याकडेच वर्षानुवर्षे राहिला तर ते अधिक महागात पडते. माणूस टिकतो तो अडाणी ठेवल्याने नव्हे. शिकल्यावर मजुरी वाढली, जबाबदारी मिळाली, इज्जत मिळाली तर तो टिकतो. म्हणून शिकवण्याबरोबर पायऱ्या ठरवाव्यात : अमुक पाच कामे स्वतंत्रपणे करून दाखवली की मजुरीत इतकी वाढ. हे आधीच सांगितले म्हणजे धडा पाहण्याची सक्ती करावी लागत नाही.

आणि एखादा शागीर्द उद्या स्वतःचे दुकान टाकतो, तेव्हा तो आपला वैरीच होतो असे नाही. आपल्या बाजारांतील किती तरी उस्ताद स्वतः कुणाचे शागीर्द होते. त्यांच्या उस्तादांनी हात आखडता घेतला असता तर आज ही दुकाने कुठे असती?

सरकारी सोयींचा लाभ

हे सारे एकट्याच्या खिशातून करावे असेही नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेत सुतार, लोहार, सोनार, कुंभार, गवंडी, शिंपी, न्हावी, धोबी, कुलूपवाले, चांभार, टोपली-चटई-झाडू विणणारे असे १८ व्यवसाय आहेत. स्वतः काम करणारा, १८ वर्षांवरचा कारागीर त्यात नाव नोंदवू शकतो, मात्र एका कुटुंबातून एकच. नोंदणी सामाईक सेवा केंद्रावर होते. पाच ते सात दिवसांचे, ४० तासांचे मूलभूत प्रशिक्षण आहे, त्या काळात दिवसाला ५०० रुपये विद्यावेतन आणि अवजारांसाठी १५ हजार रुपयांपर्यंत मदत मिळते. पुढे ५ टक्के व्याजाने कर्जाची सोय आहे. कर्ज घेणे न घेणे हा ज्याच्या त्याच्या विचाराचा प्रश्न आहे. व्याजामुळे ज्यांना कर्ज नको असेल, त्यांनी त्यापायी प्रशिक्षण आणि अवजारे सोडू नयेत.

ज्यांच्याकडे चार किंवा अधिक माणसे काम करतात, ते शिकाऊ उमेदवार कायद्याखाली शिकाऊ माणूस घेऊ शकतात. तीस किंवा अधिक माणसे असतील तर तो घेणे बंधनकारक आहे. राष्ट्रीय शिकाऊ उमेदवार प्रोत्साहन योजनेत विद्यावेतनाचा चौथा हिस्सा, महिना १५०० रुपयांच्या मर्यादेत, केंद्र सरकार देते. खाद्यपदार्थांचा धंदा असणाऱ्यांनी लक्षात ठेवावे की दर २५ कामगारांमागे एक प्रशिक्षित अन्नसुरक्षा पर्यवेक्षक असावा अशी अपेक्षा आहे, आणि हे प्रशिक्षण वर्गात तसेच ऑनलाईनही मिळते. बेकरी, हॉटेल, मसाला गिरणी ह्यांच्या मालकांनी आधी स्वतः ते करावे आणि मग आपल्या माणसांना समोर बसवून शिकवावे.

यंत्रावरील प्रत्यक्ष सरावासाठी औद्योगिक प्रशिक्षण संस्था आहेत. अक्कलकुव्यात मौलाना गुलाम मोहम्मद वस्तानवी ह्यांनी १९७९ साली स्थापन केलेल्या जामिया इस्लामिया इशाअतुल उलूमने दीनी शिक्षणाला औद्योगिक प्रशिक्षण, तंत्रनिकेतन आणि औषधनिर्माण ह्यांची जोड दिली. सातपुड्याच्या पायथ्याशी हे होऊ शकले, तर दुकानातला आठवड्याचा एक तास आपल्याला जड जाऊ नये.

सुरुवात कुठून?

आमची सूचना अशी. पहिल्या आठवड्यात वही घ्यावी आणि गेल्या तीन महिन्यांत आपल्या दुकानात पुन्हा पुन्हा झालेल्या पाच चुका लिहाव्यात. दुसऱ्या आठवड्यात त्यांपैकी एका चुकीवर तीन मिनिटांचा धडा आपल्याच मोबाईलवर, आपल्याच माणसाच्या तोंडून भरून घ्यावा. तिसऱ्या आठवड्यात तो सर्वांना दाखवून लगेच प्रत्येकाकडून ते काम करून घ्यावे. ‘समजले का?’ असे विचारू नये, ‘करून दाखव’ असे म्हणावे. चौथ्या आठवड्यात वही उघडून पाहावे, ती चूक कमी झाली काय? झाली असेल तर दुसरी चूक घ्यावी. झाली नसेल तर दोष कामगाराला देण्याआधी धडा तपासावा.

पाच चुकांना पाच महिने लागतील. एवढ्या काळात एखादी पथारी पावसातून वाचली, एका शेडची मरतुक वेळेवर कळली, एक नवी गाडी दुसरीकडे न जाता आपल्याच गॅरेजमध्ये दुरुस्त झाली, तरी तो हजार रुपयांचा महिना वसूल झाला असे समजावे.